बुक्का धुवायला ओढ्यावर

बुक्क्याची डबी उघडली, की त्या काळ्या सुगंधी भुकटीच्या वासासरशी मला कनेरगावच्या देवळातली एक दुपार आठवते. माझे वडील कीर्तनकार. कीर्तनातून राज्याविरुद्ध बोलतात म्हणून निजाम सरकारने त्यांना हद्दपार केलं होतं आणि ते हद्दीपलीकडे वाशिमला राहत. पण आजोबांच्या पुण्यतिथीचं कीर्तन घरच्यानेच करायचं, म्हणून त्या दिवशी ते चोरून आले. अभंग सुरू झाला आणि आईने माझा हात दाबला. "खांबाजवळचा तो मुंडाशावाला बघ. घोट्यावर बुटाचा वण हाय. खुफिया पोलीस हाय तो." वडिलांनीही ओळखलं असावं, पण त्यांनी आख्यान अर्ध्यावर सोडलं नाही. आरतीआधी कीर्तनातून उठायचं नसतं. तोही उठला नाही. आरतीनंतर रीतीप्रमाणे वडिलांनी एकेकाच्या कपाळी बुक्का लावला. त्यालाही लावला आणि सगळ्यांसारखेच त्याच्याही पाया पडले. तो गडबडून मागे सरला. मग हळूच म्हणाला, "बुवा, असा बुक्का लावून चौकीत कसा जाऊ? ओढ्यावर तोंड धुऊन येतो, मंग सांगतो तिथं तुमी आल्याचं." तो गेला, आणि वडील मागच्या दाराने हद्दीकडे निघाले. ओढा उलट्या दिशेला, चांगला कोसभर लांब होता. आता मी वडिलांच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढे आले, पण बुक्क्याचा वास आला की त्यांच्याआधी तोच दिसतो, देवळाच्या पायरीशी भरलेली विहीर मागे टाकून भर उन्हात ओढ्याकडे चाललेला.