मायाप्पाची विमाने, मंडळाची ढाल

१४ सप्टेंबर १९८३. मृत : एक.

पंचनाम्यात त्याची ओळख 'तंबाखूच्या वखारीतील हमाल' अशी आहे. ती खरी आहे, पण अपुरी आहे. निपाणीच्या मायाप्पाने एकाहत्तरच्या युद्धापासून बारा वर्षे लढाऊ विमानांचा अभ्यास केला. मी शिक्षक आहे; अभ्यास हा शब्द विचारपूर्वक वापरतो. रद्दीतून तो नॅट, हंटर आणि मिग यांची छायाचित्रे कापून ठेवी. सुटीच्या दिवशी बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर जाऊन धावपट्टीच्या कुंपणाबाहेर उभा राही. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून विमान कोरताना खऱ्या विमानाच्या एका फुटाला एक बोट हे माप त्याने कधी सोडले नाही. सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद खळीने चिकटवला, की लाकूड धातूसारखे लखलखे.

त्या वर्षी पेठेतल्या गणेश मंडळाने युद्धाचा देखावा ठरवला आणि त्याच्या घरून सहा विमाने नेली. मायाप्पा बौद्ध. विमाने गणपतीसमोर फिरणार होती. ती घडवणारा मात्र आरती संपल्यावर मागच्या कनातीतून आत येणार होता. असे कोणी ठरवले नव्हते. ठरवण्याची गरजच कोणाला पडली नाही.

"मिगला आणि दोन पंखं जोड की रं," मंडळाचे अध्यक्ष नागोजी म्हणाले. "लई शोभंल."

"न्हाय अण्णा. मिगचं पंख त्रिकोणीच असतंय, अन् दोनच. चुकीचं इमान मी टांगणार न्हाय."

"तू काय पायलट हाईस व्हय?"

"पायलटाला तरी आपलं इमान उडताना भाइरनं कुठं दिसतंय?"

कार्यकर्ते हसले. विमाने मायाप्पाच्या म्हणण्याप्रमाणेच राहिली.

सायकलच्या आडव्या रिमला विमाने टांगून ती पंख्याच्या मोटरीवर फिरवायची, अशी योजना होती. मायाप्पाने ती सुतळीने बांधली होती. सुतळीला पीळ पडतो म्हणून कार्यकर्त्यांनी त्याच्या माघारी लोखंडी तार लावली. मोटरीची वीज खांबावर आकडा टाकून घेतलेली. तेरा तारखेला मायाप्पाने नागोजींना स्पष्ट सांगितले, "हाताला मुंग्या येत्यात अण्णा. कुठंतरी करंट उतरतोय. तार काढा." विसर्जनानंतर बघू, असे उत्तर मिळाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक दारात आले आणि नेमके तेव्हाच हंटरचे नाक खाली झुकले. मायाप्पाला बोलावणे गेले. तो शिडी घेऊन आला.

"बटण बंद करा. पाच मिनिटं."

"खुळा हाईस काय?" नागोजी म्हणाले. "परीक्षक दारात हाईत. देखावा बंद पडला तर नंबर जाईल. चढ, फिरता फिरता धर."

तो चढला. आपले विमान जगासमोर नाक खाली घालून फिरावे, हे त्याला सहन होणारे नव्हते. नागोजींना हे ठाऊक होते आणि त्यांनी त्यावरच भिस्त ठेवली. मायाप्पाने दोन्ही हातांनी हंटर धरला. तारेतून उतरलेली वीज त्या चंदेरी कागदातून त्याच्या हातांत गेली. शिडीवरून त्याला खाली घेतले तेव्हा जीव नव्हता.

याला अपघात म्हणतात. अपघात अनपेक्षित असतो. इथे धोका आदल्या दिवशी, मराठीत, अध्यक्षांच्या तोंडावर सांगितला गेला होता. बटण हाताच्या अंतरावर होते. एका बाजूला माणूस होता, दुसऱ्या बाजूला नंबर. आणि निवड विचारपूर्वक झाली. शिडीवर मंडळातल्या एखाद्या घरचा मुलगा असता, तर बटण बंद झाले नसते काय? हा प्रश्न मी नागोजींना विचारला. "झालं गेलं कशाला उकरताय, सर?" ते म्हणाले.

मंडळाचा पहिला नंबर आला, बक्षिसाची ढाल मिळाली. विसर्जनानंतर मायाप्पाची पत्नी गंगव्वा अध्यक्षांच्या दारी गेली. "तुमी बटण बंद केलं न्हाय, एवढं लिवून द्या," ती म्हणाली. "लोक मला म्हणत्यात, तुज्या नवऱ्याला समजत न्हवतं. त्याला समजत व्हतं." नागोजींनी तिला चहा विचारला. लिहून दिले नाही.

आज १९८८ आहे. ढाल मंडळाच्या कपाटात आहे. पंचनाम्यातले 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू' हे शब्द तसेच आहेत. गंगव्वाला द्यायचे ते एक वाक्य मंडळाने अजून दिलेले नाही.