चांदणी नसलेलं डांगर

आमच्या गावच्या चर्चमध्ये कापणीचा सण दिवाळीच्या सुट्टीतच धरतात, कारण पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी तेव्हाच गावी असतात. गाव मिरजगावच्या अलीकडे, सोलापूर रस्त्यापासून थोडं आत. ज्याच्या शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं आणि चांगलं त्यानं वेदीपुढे आणून ठेवायचं. बाजरीची कणसं, मूग, मका, लिंबं, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली याच वस्तूंचा लिलाव होतो. एवढ्याशा लिंबांसाठी सख्खे चुलतभाऊ इरेला पेटतात आणि हरलेला जिंकलेल्याला मिठी मारतो. पैसा चर्चच्या कामाला जातो. कोणती वस्तू कुणाच्या घरची, ते मात्र माईकवरून पुकारलं जातं, आणि माझं सगळं घोडं तिथंच अडायचं.

शेती थोरला भाऊ करतो. मी शहराला लागून असलेल्या केडगावला भाड्याच्या घरात राहतो, एमआयडीसीत नोकरी करतो, बायको बालवाडीत शिकवते, मुलगी दुसरीत आहे. आमच्या घरी पिकणार काय? मी दरवर्षी जाताना केळी घ्यायचो. गेल्या वर्षी लिलाव पुकारणाऱ्या चुलत्यांनी तो घड वर धरला आणि म्हणाले, "ही केळी केडगावला रस्त्याकडंच्या गाड्यावर पिकत्यात बरं का. यंदा पानी कमी पडलं, म्हनून जरा बारीक हायत." सगळे खळखळून हसले. मीही हसलो, न हसून सांगतो कुणाला! भावानं लगेच बोली लावून केळी घेतली आणि विषय संपवला. माझा काही संपला नाही. केडगावला पोचेपर्यंत माझे कान तापलेले होते.

म्हणून यंदा जूनमध्ये मुलीनं शाळेतून भोपळ्याच्या बिया आणल्या तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त उड्या मारल्या. न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं हातभर माती आहे, तिथं तिनं त्या लावल्या. लाल भोपळा, म्हणजे आमच्याकडचं डांगर. वेल घरमालकाच्या पत्र्यावर चढला, घरमालक कुरकुरला, बायकोनं त्यांच्याकडे एकदा फुलांची भजी पाठवली आणि तो प्रश्न मिटला. फळं मात्र धरायची आणि गळायची. शेवटी एकच टिकलं. शाळेतून आल्यावर दप्तर न उतरवताच पोरगी बाटलीत उरलेलं पाणी वेलाला घालायची. बाटलीत पाणी उरावं म्हणून ती शाळेत तहानलेली राहते, हे तिच्या आईच्या ध्यानात आलं आणि त्यावरून एक दिवस घरात रडारड झाली.

कोवळ्या डांगरावर खिळ्यानं रेघ ओढली की फळाबरोबर ती रेघही मोठी होते, हे मीच तिला सांगितलं होतं. तिनं चांदणी काढली. नाताळात आम्ही दाराला लावतो तशी, पाच टोकांची. डांगर वाढलं तशी चांदणीही वाढली, पण वाकडी. एक टोक लांबच लांब गेलं, दोन टोकं एकमेकांत शिरली, आणि शेवटी ती चांदणीपेक्षा चेंगरलेल्या खेकड्यासारखी दिसायला लागली. पोरीला तसं काही वाटत नव्हतं. शेजारची मुलं दिवाळीचा किल्ला करत होती, त्यांना माती हवी होती. तिनं वेलाच्या बुडाची माती सोडून बाकी सगळं अंगण उकरू दिलं, किल्ल्यावर मावळे मांडू लागली, आणि बदल्यात प्रत्येकाला पत्र्याखाली नेऊन आपलं डांगर दाखवलं. "हे देवाचं आहे," असं ती सांगायची. गावी फोन केला की पोरीनं हातभर मातीत डांगर लावलंय, हे मीही सगळ्यांना ऐकवायचो. घरोघरचं फराळाचं ताट आमच्याकडे येत होतं, शाळेला सुट्टी लागली होती, बायको स्वेटर उन्हात घालत होती. इतकं सुखाचं चाललं होतं आणि माझं लक्ष मात्र त्या डांगराच्या आकारावर होतं. ते नारळाएवढं झालं आणि तिथंच थांबलं.

सणाच्या आदल्या संध्याकाळी मी ते तोडून आणलं. हातात घेतलं आणि मला चुलत्यांचा आवाजच ऐकू आला. आता ते काय म्हणतील, तेही मी स्वतःच रचून टाकलं. मग दूध आणायला म्हणून गाडी काढली आणि थेट भाजीबाजारात गेलो. तिथं एक डांगर होतं, चांगलं उशीएवढं, केशरी, फाका कशा कोरून काढलेल्या. ते घेतलं. मुलीचं डांगर गॅसच्या टाकीमागे सरकवलं आणि नवं पोत्यात बांधून दाराशी ठेवलं. देवाला काय, भाव महत्त्वाचा, असं मनाशी म्हणालोसुद्धा. भाव म्हणे!

बायकोनं सकाळी पोतं उचलून बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"हसतील त्यांचे दात दिसतील," ती म्हणाली. "तुम्हाला त्याचं काय एवढं?"

"तुला नाही कळायचं. तू कधी तिथं उभी राहिली आहेस?"

"मग पोरीला तरी सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. मोटरसायकलवर सगळा रस्ता मुलगी माझ्यापुढे बसून गाणी म्हणत होती आणि पोतं बायकोच्या मांडीवर होतं. मी काही सांगितलं नाही. लहान मुलीला एवढा फरक कळणार नाही, असं मला खरंच वाटत होतं. आता हे लिहितानाही लाज वाटते. जी पोर त्या फळापायी तहानलेली राहिली, तिला ते ओळखू येणार नाही?

चर्चमध्ये लहान मुलांचं गाणं होतं, त्यामुळे ती पुढे मुलांच्यात जाऊन बसली. अर्पणाच्या वेळी मी एकटाच पुढे गेलो, पोतं सोडलं आणि बाजरीच्या पेंढीशेजारी डांगर ठेवलं. खरं सांगायचं तर परत जागेवर येताना माझी छाती जरा फुगली होती.

लिलावात चुलत्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं. "ह्ये बगा! केळीवाला गडी यंदा डांगर घिऊन आलाय. केडगावात, हातभर जाग्यात पिकवलंय. आन् आमी इथं एवढी रानं घिऊन काय करतोय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ पुढच्या रांगेत उभा होता. त्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी शेत सोडून गेलो तेव्हापासून त्यानं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. इतका खूश होता तो. आणि त्यानं बोली लावली. दुसऱ्यानं चढवली की हा आणखी चढवायचा. "माझ्या भावाचं हाय, सोडनार न्हाई," असं ओरडायचा आणि लोक त्याला आणखी डिवचायचे. पुतण्या मोबाईलवर सगळं टिपत होता.

तेवढ्यात मुलगी गर्दीतून वाट काढत पुढे आली. चुलत्यांनी डांगर टेबलावर ठेवलं होतं. ती टेबलाला धरून एका बाजूनं बघून आली, मग दुसऱ्या बाजूनं. मग टाचा उंचावून मागची बाजू बघितली. ती चांदणी शोधत होती, आणि हे त्या सबंध गर्दीत फक्त मला आणि माझ्या बायकोला माहीत होतं. बायकोनं माझा दंड धरला. "आत्ता बोला," ती हळूच म्हणाली.

चुलते माईक घेऊन वाकले. "काय गं बाय, तूच लावलं व्हतंस न्हवं ह्ये?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर सरळ सांगेल, की हे माझं नाही. तिनं सांगितलं असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं, पण निदान ते तिथंच संपलं असतं. तिनं माझा चेहरा नीट बघून घेतला. मग माईकमध्ये म्हणाली, "हो."

परत टाळ्या झाल्या. चुलत्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चर्चच्या अंगणात, सगळ्या भाऊबंदांसमोर, माझी मुलगी माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मीही टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वर गेले. बायकोनं माझा दंड सोडला आणि ती बायकांच्या बाजूला निघून गेली.

दुपारी वहिनीनं त्याच डांगराची भाजी केली. भावानं पहिला घास घेऊन "गोड हाय, लई गोड हाय" म्हणून सगळ्यांना आग्रह केला. मुलगीही जेवली. रुसली नाही, काही नाही. उलट मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही पण घ्या ना." मी भाकरीत गुंडाळून एक घास घेतला. पुतण्यानं तोवर व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. माझ्या सासूबाईंनीसुद्धा अंगठा पाठवला. परत येताना मुलगी आमच्या दोघांच्या मधे, आईला टेकून झोपली.

दुसऱ्या दिवशी मी भावाला फोन केला. आधी पावसाचं बोललो, मग म्हशीचं, मग एकदाचं सांगून टाकलं की ते डांगर विकतचं होतं. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.  पण तो म्हणाला, "मला काय डांगर घ्यायचं हुतं व्हय? तू आनलंस म्हनून घेतलं." आणि लगेच, "पोरीला सांगितलंस का?"

"नाही."

"मग मला कशापायी फोन करतुयास? तिला सांग आदी."

मी फोन ठेवला. मुलगी बाहेर किल्ल्यापाशी बसली होती. दिवाळी सरली होती, शेजारची मुलं मामाकडे गेली होती, ती एकटीच मावळे गोळा करून डब्यात भरत होती. मी गॅसच्या टाकीमागून तिचं डांगर काढलं, फडक्यानं पुसलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मोठ्या माणसानं लहान मुलाची माफी कशी मागायची ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या घरात तशी रीतच नव्हती. तरी जसं जमलं तसं बोललो. पप्पांचं चुकलं, म्हणालो. तुझं डांगर चांगलं होतं, मलाच लाज वाटली, म्हणालो. रविवारी आपण हे इथल्या चर्चमध्ये नेऊ, तू स्वतः पुढे जाऊन ठेव, आणि कुणी विचारलं तर मी सगळं खरं सांगेन.

ती ऐकून घेत होती. मी डांगर पुढे केलं तशी तिनं ते दोन्ही हातांनी माझ्याकडे परत लोटलं. मग चांदणीची बाजू खाली करून ठेवली. दारात कुणी नाही ना ते बघितलं आणि माझ्या कानाशी आली.

"नको पप्पा, हे खूप छोटं आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पण आपण मोठं आणू. मी कुणाला सांगणार नाही."