डॉक्टरांची हरकत नव्हती

हृदयविकाराने माणूस जगातून जातो म्हणतात. मी फक्त स्वयंपाकघरातून गेलो.

फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत स्वयंपाकघर दिवसा आईचं आणि रात्री माझं नि सुधाचं, अशी वाटणी होती. (बाहेरच्या खोलीत आई आणि धाकटा भाऊ वसंता.) चाळिशीतच मला कचेरीत झटका आला. इस्पितळातून सोडताना डॉक्टर तूप, तंबाखू, जिने अशा सगळ्यांवर बोलले. नवरा-बायकोने कसं राहायचं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोघेही घरंदाज!

मग ते आईने सांगितलं. "मनू, आजपासून तू गॅलरीत झोपायचं. मोकळी हवा." आणि सुधाला, "तू लांबच राहा गं बाई. एकदा झालं तेवढं पुरे!" मी वळकटी उचलायला वाकलो, तर वसंतानेच ती धावत येऊन उचलली. मला तेव्हा ते बंधुप्रेम वाटलं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. चाळीची सभा गॅलरीतच भरे, माझ्या उशाशी. "मुंबई आमची!" अशी आरोळी उठली की छाती दणाणून जाई. ते चालत होतं! बायकोने पाठीला तेल लावलेलं मात्र माझ्या हृदयाला झेपणार नव्हतं. शेजारचे पेंडसे येताजाता बजावत, "संयम, मनोहरपंत, संयम!" (स्वतःच्या सगळ्या मुलांची नावं त्यांना एका दमात सांगता येत नसत.)

सुधा ताट ठेवायची आणि मागे सरायची. गोळीसुद्धा बोट लागू न देता द्यायची. मला वाटलं, विटली. मी तोंड पाडून बसे, ती आणखी लांब जाई. वर्षभरात आमचा संसार "गोळी घेतली?" "घेतली" एवढ्यावर येऊन ठेपला. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

वाडीतल्या आमच्या डॉक्टरांना विचारावं, तर घरचे एकटं सोडत नसत. बरोबर वसंता!

"डॉक्टर, जिना चढू का?"

"चढा."

"बाजारात जाऊ?"

"जा."

"आणि... एकंदरीत?"

"एकंदरीत जपा!" म्हणत डॉक्टर औषधाच्या बाटलीला पट्टी चिकटवायला लागले. वसंताने समाधानाने मान डोलावली.

पुढे वसंताचं लग्न ठरलं. तो खरेदीत गुंतला, म्हणून एकदा सुधा बरोबर आली. मी पुन्हा जिन्यापासून सुरुवात केली, तशी ती म्हणाली, "अहो, थांबा तुम्ही. डॉक्टर, मी यांच्याजवळ झोपले तर हे मरतील का?"

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. "असं कोण म्हणालं?"

"सगळेच. वर्षभर हात लावला नाही मी यांना. सासूबाई म्हणतात, झटका माझ्यामुळेच आला." आणि ती रडायला लागली.

कुणी थोबाडीत दिली असती तरी बरं, असं मला झालं. डॉक्टर ओशाळले.

"बाई, झटका तुमच्यामुळे नाही आला. हे मीच आधी सांगायला हवं होतं. दोन जिने चढून यांना धाप लागत नाही, छातीत दुखत नाही ना? मग खुशाल जवळ या. घाई नको, भरल्या पोटी नको. दुखलं तर थांबायचं आणि मला येऊन सांगायचं. लाजायचं नाही."

परतताना आम्ही ठाकुरद्वारला उसाचा रस प्यालो. सुधाने चक्क माझा हात धरला, भररस्त्यात! घरी पोचलो, तर आई स्वयंपाकघराला चुना लावून घेत होती.

"आई, डॉक्टरांची हरकत नाही."

"कशाला?"

"मी... गॅलरीतून आत यायला."

"आत कुठे? वसंताची बायको येणार. नव्या सुनेला गॅलरीत झोपवू? जागेवाचून अडलं होतं रे त्याचं लग्न. तुझ्या झटक्याने तेवढं तरी मार्गी लागलं!"

वसंता माझ्या पाया पडला. मी आशीर्वादही दिला!

त्याला एक मुलगा झाला, दुसरं मूल होऊ घातलं. दरम्यान मुंबई महाराष्ट्राला मिळाली. चाळभर पेढे वाटले. गॅलरीत माझ्या हातावर पेढा ठेवत सुधा हळूच म्हणाली, "मुंबई मिळाली. आता स्वयंपाकघराचं बोला."

छाती अगदी ठणठणीत होती. मी म्हटलं, "आईला विचारून सांगतो."