झोपू द्या तिले

नेरजवळच्या त्या तांड्यात कुणाकडे काही आक्रित घडलं की माणसं आधी बसंतीबाईच्या दाराकडे पळत, डॉक्टरची आठवण त्यांना नंतर होई. साप चावो, पोर विहिरीत पडो, की एखादीला अवेळी कळा येवोत. चौदा वर्षं ती तांड्याची आशा वर्कर होती. बोलवायला आलेला माणूस धापा टाकत असे आणि ही आपली चप्पल शोधत असे. समोरच्याची घाई जितकी जास्त, तितकी हिची चाल सावकाश. पोचल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "आज भाजी काय केलती?"

नवख्या माणसाचं डोकं फिरायचं. इकडे बाप खाटेवर तडफडतोय आणि ही बया भाजी विचारते! पण तो चिडून "वांग्याची" म्हणेपर्यंत त्याचा श्वास थोडा जागेवर आलेला असे. तेवढ्यात बसंतीबाईनं नाडी पाहून १०८ ला फोन लावलेला असे आणि दोन बाप्ये खाट उचलायला उभे केलेले असत. तांड्यातली टवाळ पोरं म्हणायची, "बाईचं घर पेटलं तरी ते आगीले विचारन, भाजी काय केलती." ती ऐकून हसायची आणि त्याच पोरांना खोकल्याचं औषध नेऊन द्यायची.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन गेली की तिची भाकर कधी तिच्या पोटात जायची नाही. शेजारच्या खाटेजवळ कुणी म्हातारी उपाशी बसलेली दिसली की अर्धी तिला, आणि उरलेली अर्धी तिच्या नातवाला. एकदा एका बाळंतिणीला घरी जायला पायात काही नव्हतं, तर स्वतःची चप्पल देऊन ही अनवाणी एसटीत बसली. नवरा किसनसिंग कपाळाला हात लावून म्हणाला, "उद्या साडी देऊन येशील." ती म्हणाली, "उन्ह लागत होतं तिले."

हा थंडपणा मात्र तिला जन्मतः मिळालेला नव्हता. कामाला लागून दुसरंच वर्ष असेल, एका सुनेचं बाळंतपण वाटेत, उपकेंद्रापाशी, जीपमध्येच अडलं. सासू रडायला लागली, तिच्याबरोबर बसंतीबाईही रडायला लागली आणि हातातली पिशवी सगळी खाली सांडली. उपकेंद्रातली नर्स धावत आली ती ओरडतच, "रडायले आली का काम करायले?" बाळ-बाळंतीण वाचली. पण ते वाक्य बसंतीबाईच्या काळजात रुतलं ते रुतलंच. त्या दिवसापासून तिनं डोळ्यांना कुलूप घातलं. पुढे सवय इतकी हाडीमाशी खिळली की कुलूप आहे हेही ती विसरली.

गोम इथंच होती. तिच्या गोर, म्हणजे बंजारा, माणसांत रडणं म्हणजे नुसतं पाणी गाळणं नव्हे. बंजारा बाई माहेरच्या माणसाला भेटली, मुलगी सासरी निघाली, घरातलं कुणी गेलं, की बाया एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. त्याला ढावलो म्हणतात. एकीनं ओळ ओढायची आणि दुसरीनं पुढची उचलायची. गेलेला कसा होता, काय खायचा, कशावर रुसायचा, त्याला काय द्यायचं राहून गेलं, हे सगळं त्या ओळींत येतं. आईनं पोराला पोचवायचं ते असं. शहरातल्या माणसाला तो आरडाओरडा वाटतो. त्याला काय कळतंय!

बसंतीबाईची धाकटी बहीण रुपीबाई राळेगावच्या बाजूला दिलेली. दोघींत सहा वर्षांचं अंतर. आई लवकर गेली, तेव्हा रुपीला न्हाऊ-माखू घालणारी हीच. रुपीबाईला एकुलता एक मुलगा, प्रेम. चोवीस वर्षांचा, लग्नाचं बोलणं चाललेलं. तीन वर्षांपूर्वी सोयाबीन काढणीच्या दिवसांत रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. पोराला यवतमाळला नेता नेता त्याच्या बापानं, रामधननं, बसंतीबाईला फोन केला. दवाखान्याची दारं तिच्याइतकी कुणाला माहीत होती?

ती पोचली आणि तासाभरात प्रेम गेला. रामधन भिंतीला टेकून बसला तो उठेचना. मग सगळं हिनंच केलं. पोलिसांचा कागद, शवविच्छेदनाची सही, गाडीवाल्याशी बोलणं. रात्र तिथंच काढली. सकाळी निघताना तिनं डॉक्टरला सांगितलं, पोराच्या मायले बीपी आहे, माय सहन करणार नाही. त्यांनी एक गोळी दिली आणि सांगितलं, लागलीच तर अर्धी द्या.

प्रेमला घेऊन गाडी रुपीबाईच्या तांड्यात शिरली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. रुपीबाई धावत आली ती थेट बहिणीच्या गळ्यात पडली आणि तिनं पहिली ओळ ओढली, "मारी बाई ये..." म्हणजे, माझ्या बहिणी गं. पुढची ओळ बसंतीबाईनं उचलायची होती. तांड्यातल्या बाया त्यासाठी थांबल्या होत्या. पण बसंतीबाईला दिसली ती रुपीच्या मानेवर फुगलेली शीर. तिनं तिचे दोन्ही हात गळ्यातून सोडवले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "रुपी, आधी बस. पाणी पी." पाण्याबरोबर तिनं गोळी दिली. अर्धी नाही, पूर्ण दिली.

रुपीबाई एक वाजता झोपली. बायांनी रडणं उरकलं. चार वाजता माणसं प्रेमला न्यायला उठली. कुणीतरी विचारलं, "मायले उठवाचं काय?" सगळ्यांनी बसंतीबाईकडे पाहिलं. बहिणीच्या उशाशी बसून ती तिला पदरानं वारा घालत होती. ती म्हणाली, "झोपू द्या तिले. उठून काय पाहीन बिचारी?"

रुपीबाई उठली तेव्हा दिवे लागले होते, आणि प्रेमला माती देऊन माणसं आंघोळी करून बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि भिंतीशी जाऊन बसली. बसंतीबाईला वाटलं, गोळीनं काम केलं. खरंच तिला बरं वाटलं त्या वेळी. तेच आठवून आठवून पुढे ती स्वतःवरच दात-ओठ खात असे.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. फोन केला की रुपीबाई "हाव, बरी हाय" म्हणे आणि फोन रामधनच्या हातात देई. लग्नाकार्यात भेटली की लांबूनच हात जोडी. दोन सख्ख्या बहिणी तीन वर्षं गळ्यात पडल्या नाहीत, ही गोष्ट गोर माणसांत झाकून राहत नाही. बसंतीबाई मात्र स्वतःची समजूत घालत राहिली, दुःख आहे, निवळन.

या वर्षी तिच्याच तांड्यातल्या नंदाबाईचा नवरा वारला. बसंतीबाई पिशवी घेऊन गेली, तिच्याजवळ बसली आणि पाण्याचा पेला पुढे केला. नंदाबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं. "बसंती, तुझे पाय धरतो. मले गोळी नको देऊ. तुझ्या बहिणीसारखं नको करू मले." चार बाया ऐकत होत्या. बसंतीबाईनं पेला खाली ठेवला आणि घरी आली. दोन दिवस तिनं पिशवीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी निघता निघता किसनसिंगला म्हणाली, "मी रुपीकडे जाऊन राह्यली." तो म्हणाला, "लवकर गेली असती तं बरं झालं असतं." हे तिलाही कळत होतं.

नेरहून यवतमाळ, तिथून राळेगावची एसटी. सगळ्या वाटेनं ती मनात ओळी जुळवत होती. माफी कशी मागायची याचा तिनं विचारच केला नव्हता. फक्त गळ्यात पडायचं आणि तीन वर्षांपूर्वी उचलायची राहिलेली ओळ उचलायची. रुपीनं पुन्हा सुरुवात केली तर सगळं सुटेल, असं तिला वाटत होतं. आणि नाही केली तर बहीण गेल्यातच जमा, हेही ठाऊक होतं.

रुपीबाई अंगणात कापूस निवडत होती. मोठ्या बहिणीला पाहून उठली, पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. बसंतीबाईनं तिला हात धरून बसवलं. दोघी आपसात गोरमाटी बोलीत बोलत. इथे आपल्या सोयीसाठी ते वऱ्हाडीत, कारण बाजारात आणि दवाखान्यात त्याही तीच बोलत.

"रुपी, माझं चुकलं. तुले उठवाले पाह्यजे होतं."

रुपीबाई हातातल्या कापसातली काडी काढत राहिली. मग म्हणाली, "मले राग नाही बाई तुझा. तू वाईट केलं असतं तं मी भांडली असती, केस धरले असते तुझे. पण तू चांगलं कराले गेली. आता कोनाशी भांडू?"

"मले वाटलं, तुले काही होईन."

"होऊ द्याचं होतं. पोरगं गेलतं माझं."

बसंतीबाईला आणखी ऐकवेना. तिनं बहिणीच्या गळ्यात हात टाकले आणि तोंड उघडलं, "मारी बाई ये..." आवाज फाटका निघाला, बारा वर्षांनी निघाला. शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. ओळ संपली. बसंतीबाई थांबली. रुपीबाईचं अंग तिच्या मिठीत तसंच ताठ होतं.

"माझ्याच्यानं होत नाही, बाई," रुपीबाई हळू म्हणाली. "त्या दिवशी तोंडात सारं होतं. तो रांगाले लागला तवापासूनचं, एकामागून एक. झोपून उठली तं एकही ओळ जागेवर नव्हती. लय शोधलं मी. तुझं राह्यलं असन तं तू रड. मी बसतो तुझ्याजवळ."

आणि ती खरंच बसली, बहिणीच्या पाठीवर हात ठेवून. बसंतीबाई एकटीच रडायला लागली. पहिल्या ओळीत तिनं प्रेमचा जन्म आणला, कारण तेव्हा ती हजर होती. दुसऱ्या ओळीत दिवाळीला आलेला पोरगा आणला, मावशीच्या हातचं गोड मागणारा. तिसरी ओळ ओढायला तिनं श्वास घेतला आणि तिच्या डोक्यात आले ते दवाखान्यातले कागद, सहीची जागा आणि गाडीचा नंबर. तिला पोराबद्दल दुसरं काही माहीतच नव्हतं. ते सगळं रुपीजवळ होतं, आणि रुपीबाई तिची पाठ थोपटत गप्प बसली होती.