निजलेलं बाळ

सोजराबाई बाळाजवळ एकटी बसत नाही, हे वस्तीवर सगळ्यांना कळलं ते पणती जन्मल्यावर. त्याआधी म्हातारीला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. पंच्याहत्तरी गाठलेली बाई अजून गोठ्यातलं शेण काढते, अंगणात पसरलेला कांदा निवडते, घरादाराच्या भाकरी थापते. तिला कामचुकार म्हणायचं म्हणजे म्हणणाऱ्याची जीभ झडायची. पण बाळाला सांभाळायची गोष्ट निघाली की हीच बाई पदर झटकून उठायची.

बाळाचं काही करायची नाही असं नाही हं. तेल लावायची, पायावर घेऊन न्हाऊ घालायची, धुरी द्यायची. फक्त सायली डोळ्यांसमोर पाहिजे. सायली म्हणजे नातसून, इंद्रजीतची बायको, यवतची. ती कपडे वाळत घालायला घरामागं गेली की आतून हाक आलीच, "सायले, हायेस का हितं?" ओ आली नाही तर म्हातारी तशीच ओल्या हातांनी बाळ घेऊन बाहेर. सायलीला आधी आधी हसू यायचं. पुढं सुट्टी संपत आली तसं तिचं हसूही आटलं.

सायली कुरकुंभला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. ठेकेदाराकडून का होईना, पण गळ्यात कार्ड अडकवून कामाला जाणारी या घरातली ती पहिली बाई. सुपरवायझरनं सांगून ठेवलं होतं, बाळंतपणाची सुट्टी संपली की वेळेवर ये, पर्मनंट करायच्या लोकांत तुझं नाव घालतो. नाही आलीस तर तुझ्या जागेवर दुसरी उभी राहील. सोमवारी फर्स्ट शिफ्टला हजर व्हायचं होतं. इंद्रजीत दुधाचा टेम्पो चालवतो, पहाटे जातो तो दुपार कलल्यावर येतो. त्याचे आईबाप दोघंही गेलेले. सायलीची आई तिकडं यवतला अंथरुणाला खिळलेली. मग राहिलं कोण, तर सोजराबाई.

"आजी, तीन वाजेपर्यंतचाच प्रश्न आहे," सायली म्हणाली. "दूध काढून ठेवते मी. बाटली तेवढी तोंडात द्यायची."

"मी न्हाई."

"अहो, पण का?"

"न्हाई म्हणले ना. दुसरं काय बी सांग. आनखी दोन म्हशी आन, त्यांचं समदं करते."

इंद्रजीत जेवत होता, तो भडकला. "तुला असतं काय गं दिवसभर? बसूनच तर असतीस. एक पोर बघायला काय धाड भरलीय तुला?"

बोलला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं, पण शब्द तोंडातून गेला तो गेला. सोजराबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि बाहेर जाऊन कांदा निवडत बसली.

बसूनच तर असतीस! नातू आहे म्हणून माफ, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चार शब्द ऐकवल्याशिवाय राहवलं नसतं. बाहत्तरच्या दुष्काळात या बाईचा दिवस कसा जायचा, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नाही. तीही सांगायची नाही.

न्हावरे गावची ही पोर लग्न होऊन इकडं कुरकुंभच्या माळावर आली आणि पावसानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. पहाटे उठून विहिरीत उतरायचं, कपारीत पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. उजाडल्यावर गेलं तर तिथं भांडणं, म्हणून अंधारातच. मग जातं. जात्यावर रेशनची ती लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापली की कडा फुटायच्या आणि गिळताना घशात रुतायची. नवरा सावळाराम जनावरं घेऊन चाऱ्यासाठी भीमेच्या काठाला गेलेला. घरात सासू, सोजरा आणि अंगावर पिणारी लेक, हौसा.

सरकारी दुष्काळी काम होतं, खडीचं. बाया उन्हात ओळीनं बसायच्या, टायरच्या कड्यात दगड धरायच्या आणि हातोडीनं फोडायच्या. कपऱ्या उडून डोळ्यात जायच्या. बोट ठेचलं की चिंधी बांधायची आणि पुन्हा हातोडी उचलायची. संध्याकाळी मुकादम ढिगाला माप लावायचा. माप भरलं तर हजेरी लागायची, नाही भरलं तर दिवस फुकट. वर मूठभर सुकडी मिळायची, ती स्वतः न खाता पदरात बांधून सासूसाठी आणायची. घरी आलं की परत पाणी, परत सरपण, परत चूल. अंग टाकल्यावरही हात हातोडी मारल्यासारखा उडायचा. आता कुणी भाषणात म्हणतं, त्या काळच्या बाया लोखंडाच्या होत्या. कसल्या लोखंडाच्या! दुसरा इलाज नव्हता, म्हणून करत होत्या.

बाळ कामावर न्यावं तर झोळी बांधायला माळावर झाड नाही. पाजायला उठलं की मुकादम आईबाप काढायचा. म्हणून बाळं घरी, म्हाताऱ्यांजवळ. आणि त्या म्हाताऱ्या तरी काय, उपाशीपोटी, डोळ्यांनी अधू, त्यांच्याच्यानं दिवसभर रडतं पोर घेऊन फिरवतंय कुठं? मग अफू. आज ऐकून कुणी कपाळाला हात लावेल, पण तेव्हा ते घरोघर होतं. तिळापेक्षा लहान कण दुधात कालवायचा आणि बोटानं बाळाच्या जिभेला लावायचा. बाळ दुपारपर्यंत निवांत. "बोट दिलं का गं?" असं बाया एकमेकींना विचारायच्या, तीट लावली का विचारावं तसं. आणि खरं सांगायचं तर सोजराला ते बरं वाटायचं. संध्याकाळीसुद्धा पोर गुंगीत असायची, तेवढ्यात तिची कामं उरकायची.

हौसाला बोट द्यायची ती सासू, अंगणात ऊन आल्यावर. त्या दिवशी पोर पहाटेपासूनच किरकिरत होती. आदल्या दिवशी माप भरलं नव्हतं, उशीर झाला तर आजचंही बुडणार होतं. सोजरानं कोनाड्यातली डबी काढली, स्वतःच बोट दिलं आणि पोरीला झोळीत टाकलं. पोरीपायी त्या दिवशी पाण्याला सासू गेली होती, ती हंडा घेऊन लांब बांधावरून येताना दिसत होती. तिला ओरडून सांगावं असं मनात आलं, पण बाकीच्या बाया पुढं निघाल्या होत्या. सोजरा त्यांच्यामागं पळाली. सासू आली तेव्हा पोर अजून चुळबुळत होती. सासूनं रोजच्यासारखं बोट दिलं.

संध्याकाळी सोजरा आली तर चूल थंड, आणि सासू झोळीची दोरी धरून बसलेली.

"अजून उठली न्हाई," सासू म्हणाली. "लई गाढ निजलीया."

सोजरानं हात लावला. मग सासूकडं पाहिलं. "मी दिलं हुतं," एवढंच ती म्हणाली, आणि दोघींना कळलं. त्यानंतर सासू पुष्कळ वर्षं जगली. दोघी एका चुलीवर रांधत राहिल्या, एका ताटात जेवल्या, पण त्या दिवसाबद्दल एकीनंही परत चकार शब्द काढला नाही. लोकांना सांगितलं, पोर तापानं गेली. दुसऱ्या दिवशी सोजरा खडीवर गेली. घरी बसून खायला होतं काय? दुपारी दूध दाटून चोळी भिजली, तेव्हा शेजारच्या बाईनं काही न विचारता आपलं फडकं पुढं केलं. सोजरानं ते छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं दगड फोडत राहिली.

पुढं दत्ता झाला, त्याला तिनं पाठीशी बांधून कामावर नेलं आणि मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. दत्ताच्या बायकोलाही तिनं लहानगा इंद्रजीत शेतात न्यायला लावला. निजलेलं बाळ तिला बघवत नाही, एवढंच तिचं दुखणं. सांगणार कुणाला आणि कोणत्या तोंडानं?

रविवारी संध्याकाळी मात्र ती आपणहून सायलीजवळ येऊन बसली. "मी येते तुझ्यासंगं. गेटाबाहेर बाळ घेऊन बसते. सुट्टीत येऊन बघून जात जा."

"आजी, तिथं बसायला जागा नाही. ऊन, धूळ, वरून तो केमिकलचा वास."

"मी खडीवर बसलेली बाई हाय. मला जागा लागत न्हाई."

सायलीला हे वेडेपणाचं वाटलं, पण नकारापेक्षा बरं. सोमवारी इंद्रजीतनं दुधाच्या फेरीतच तिघींना गेटापाशी सोडलं. सोजराबाई भिंतीच्या सावलीला टेकली न टेकली तोच वॉचमन आला. "अम्मा, इधर नहीं बैठने का. साहब लोग मेरे को चिल्लाएगा." म्हातारी उठली आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीत जाऊन बसली. टपरी रश्मी नावाच्या बाईची. मनानं चांगली होती. तिनं बाकड्यावर पोतं अंथरून दिलं, पाणी दिलं.

बाळ अर्धी बाटली प्यायलं आणि रडायला लागलं. नवी जागा, उकाडा, हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न. सोजराबाई खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत राहिली. गिऱ्हाइकं वैतागून बघायला लागली, तशी रश्मी फळीवरून एक बाटली घेऊन आली.

"सर्दीचं औषध हाय आजी. अर्धा चमचा द्या, दुपारपतूर गप निजंल. माझं पोरगं मी असंच वाढवलं, न्हाई तर धंदा कसा करायचा?"

सोजराबाईनं बाळ घट्ट धरलं आणि टपरीतून उठून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. रश्मीला काय बिघडलं ते कळेना.

जेवणाच्या सुट्टीत सायली रस्ता ओलांडून धावत आली, डोक्यावरची प्लॅस्टिकची टोपी तशीच. बाळाला पदराखाली घेतलं. रश्मीनं चहा देता देता सांगितलं, "तुमची आजी औषीद देऊ देईना. पोर रडून रडून लाल झाली."

सायली पहिल्याच दिवशी शिणून गेली होती. ती म्हणाली, "द्यायचं होतं की आजी. सर्दीचं तर आहे. तीही झोपली असती आणि तुम्हालाही आराम मिळाला असता."

 सोजराबाईनं जे सांगितलं ते जमिनीकडं बघत सांगितलं. "माझी पैली लेक हौसा. तापानं न्हाई गेली ती. मी अफू देऊन कामाला गेले, आन् सासूनं बी दिली. एकमेकीला सांगितलं न्हाई. ती उठलीच न्हाई, सायले."

बाळाच्या पाठीवरून फिरणारा सायलीचा हात थांबला. तिनं म्हातारीकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. पलीकडं बझर झाला. बाया घाईनं आत जायला लागल्या. सायली बाळ घेऊन उभी राहिली, गेटाकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. कुणाजवळ द्यायचं? दुसरं होतंच कोण? तिनं म्हातारीच्या तोंडाकडं न बघता बाळ तिच्या हातात दिलं आणि गेली. अर्ध्या रस्त्यात एकदा वळून पाहिलं.

पोट भरल्यावर बाळाचे डोळे मिटायला लागले. सोजराबाईच्या मांडीवर, पदराच्या सावलीत, ते शांत निजलं. तिनं त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास लागत होता. पण हायवेचं वारं सुटलं की श्वास कुठला आणि वारं कुठलं ते तिला कळेना.  तिनं बाळाच्या तळव्याला हळूच चिमटा काढला. बाळ दचकून रडलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळानं पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तिनं चिमटा काढला. आपण करतोय ते वाईट आहे, हे काय तिला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. स्वतःच्या हाताची लाज वाटत होती, आणि हात थांबत नव्हता. रश्मी म्हणाली, "आजी, का छळताय लेकराला?" 

शिफ्ट सुटली तेव्हा इंद्रजीत टेम्पो घेऊन आला होता. सायलीनं येताच बाळ घेतलं. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"झोपली नाही का अजिबात?"

"निजू दिली न्हाई मी," सोजराबाई म्हणाली, आणि तिनं स्वतःच बाळाचे पाय वर करून दाखवले. तळव्यांवर लाल डाग होते. "डोळं मिटलं की मला धीर निघंना. मार मला हवं तर."

सायलीच्या अंगाची आग झाली. एखादा शब्द तोंडातून निघालाही असता. पण समोरची बाई मार खायला मान खाली घालून उभी राहिलेली तिनं पाहिली आणि तिला रडू कोसळलं. इंद्रजीत नुसता बघत राहिला, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

टेम्पो निघाला तशी पोर आईच्या मांडीवर पडल्या पडल्या झोपी गेली. सोजराबाईनं तोंड फिरवलं. सायलीनं तिचा हात धरला आणि बाळाच्या छातीवर ठेवला. "आता बघा, आजी. मी जागी आहे ना. झोपू द्या तिला."

बरंच अंतर गेल्यावर इंद्रजीतनं विचारलं, "उद्या किती वाजता सोडू?"

"उद्या नको," सायली म्हणाली. "फोन करून सांगते त्यांना, नाही जमणार म्हणून."

सोजराबाईनं ते ऐकलं. आपल्यापायी पोरीची नोकरी गेली हे तिला कळलं, आणि तरी बाळाच्या छातीवरचा हात तिला उचलवेना.