बडीशेपेच्या विड्या

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात किरणांचे शेक देऊन माझ्या मानेतली गाठ जिरवली, पण माझा हात काही मानेवरून निघेना. जेवताना उजवा हात ताटात आणि डावा मानेवर. गिरणीत पट्ट्याला तेल घालता घालता मध्येच चिंधीला बोटं पुसायची आणि कानाखाली चाचपून बघायचं. विशी नुकतीच ओलांडलेली. त्या वयातली पोरं आरशापुढं भांग पाडायला उभी राहतात. मी मान इकडं-तिकडं वळवून दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते बघायचो.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. सातवीतनं शाळा सोडली, फाउंड्रीत लागलो, आणि सत्तरचं दशक संपता संपता एका मिस्त्रीच्या हाताखाली तुमसरला आलो, तांदळाच्या गिरणीचं यंत्र बसवायला. मिस्त्री काम संपवून परत गेला. यंत्राची देखरेख करायला शेठनं मला ठेवून घेतलं. गावाच्या कडेला, तळ्याकडच्या अंगाला, एका ढिवराच्या घरात मला खोली मिळाली. घरात दोघंच. एकुलती मुलगी करडी गावाला दिलेली. नवरा तळ्यात आणि नदीत जाळं टाकायचा, त्यांना मी काकाजी म्हणायचो. बायको घरी विड्या वळायची, ती मावशी. ना नात्याची ना गोत्याची. पण माझी गाठ पहिल्यांदा बघितली ती तिनंच, मी मान वर करून तांब्यानं पाणी पीत होतो तेव्हा.

घरी मी कावीळ झाल्याचं कळवलं होतं. आई एवढ्या लांब यायची कशी, आणि येऊन करायची काय?

दवाखान्यातनं सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, विडी-तंबाखू बंद, पोटभर जेवायचं, रोज चालायचं, आणि सांगितलेल्या तारखेला दाखवायला यायचं. घरी येऊन मी हे सगळं मावशीला पाठ म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर छपरीतली, म्हणजे पडवीतली, तिची जागा रिकामी. मावशी सूप मांडीवर घेऊन अंगणात निंबाखाली बसलेली. फाल्गुन होता, निंबाला पान नव्हतं. सावली नावालासुद्धा नाही.

"मावशी, उन्हात कशाला बसलाय?"

"डाक्टरनं विडी बंद सांगितली न तुले?"

"ओढायची बंद, मावशी. वळायची नाही. आणि तीसुद्धा माझी, तुमची नव्हे."

"वास तं जाते न तुह्या नाकात! तू जेव आन जाय गिरणीवर. मले इथं उजेड चांगला भेटते."

उजेड भेटत होता, पण पान भेटत नव्हतं. टेंभुर्णीचं पान ओलसर असेल तरच वळतं. म्हणून बायका ते ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात आणि सावलीत बसतात. मावशीचं पान उन्हात पापडासारखं वाजायला लागलं. कापताना फाटायचं, वळताना तडकायचं. संध्याकाळी ठेकेदाराकडं माल नेला की तो मूठमूठ विड्या बाजूला काढायचा. नापास विड्यांना तिथं 'छाट' म्हणतात. मावशी छाट पदरात बांधून आणायची आणि मला दिसू नये म्हणून मागच्या दारानं आत यायची.

काकाजी जाळं विणता विणता मला ऐकवायचे, "पाहा गा. तुह्यासाठी हे दिवसभर उन्हात बसते. माह्यासाठी कधी चुलीपुढे बसली नाही घडीभर."

"तुमच्या मानेले का होते?" मावशी आतून म्हणायची. "तुमची मान तं रोज मासोळ्याईपुढेच वाकते."

तिचं हे चाललं होतं आणि गिरणीत माझं वेगळंच. दुपारच्या सुट्टीत सगळे हमाल कोंड्याच्या ढिगाआड गोल करून बसायचे. तिथं कुणी कुणाला 'बरा आहेस का' म्हणून विचारत नसे. विडी पुढं करायची, की विचारल्यासारखंच. घेतली, की सांगितल्यासारखं. मी दोन-तीनदा नको म्हणालो. मग कुणी पुढं करेना. एखादा माझ्यापासून जरा लांब सरकूनही बसायचा. त्याला काय बोल लावायचा, मलाच माझी भीती वाटत होती. मी बॉयलरच्या मागं एकटा डबा खाऊ लागलो. खाऊ लागलो म्हणजे, निम्मा कुत्र्याला घालू लागलो. झोप नव्हती, अन्नाला चव नव्हती, आणि दिवसभर कुणाशी चार शब्द नव्हते. डॉक्टरांनी 'जेव, चाल' सांगितलं होतं. कुणाबरोबर, ते सांगितलं नव्हतं.

मावशीनं कसं ओळखलं कोण जाणे. डबा नेहमीपेक्षा चकचकीत परत येतो म्हणून असेल. एका सकाळी तिनं माझ्या शर्टाच्या खिशात विड्यांचा एक लहानसा कट्टा सरकवला. प्रत्येक विडीला लाल धागा.

मी दचकलो. "मावशी, अहो, विडी—"

"सोप हाय त्यात. तमाखू नाही." बडीशेपेला तिकडं सोप म्हणतात. "पोट्टे विडी ओढतीन, तू हे तोंडात धरजो. गोलात बसजो. एकटा जेवते ते वाया जाते."

पहिल्या दिवशी मी लाल धाग्याची विडी ओठात धरून गोलात जाऊन बसलो तेव्हा हमालांचा म्होरक्या डोळे बारीक करून बघायला लागला. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस.

"काय गा कोल्हापूर! आता विडी कशी सुरू केली बे? आन पेटवत काहून नाही? काडी देऊ का?"

"ही पेटवायची नसते. चावायची असते."

त्यानं माझ्या तोंडातली नाही, खिशातली एक काढली, हुंगली, दाताखाली धरली. आणि गडगडून हसला.

"अबे, हे तं सोप! लग्नातल्या जेवनावरची! पोट्टा लग्नाच्या आधीच वाटून राहिला!"

सगळे हसले. मीही हसलो, कितीतरी दिवसांनी. विड्या हातोहात संपल्या. जो लांब सरकून बसायचा, त्यानंही एक मागून घेतली. दुसऱ्या दिवसापासून मावशीला माझ्यापुरत्या नव्हे, अख्ख्या गोलापुरत्या वळाव्या लागल्या.

पण ते लग्नाचं बोलणं मात्र काट्यासारखं रुतून बसलं. मला कोण मुलगी देणार? आणि दिलीच तर मी कोणत्या तोंडानं घेऊ? तेवढ्यात हात मानेवर गेला. आणि डाव्या कानाखाली, जिथं आधी काही नव्हतं तिथं, बोटाला काहीतरी लागलं.

मी कुणाला सांगितलं नाही. दाबून बघितलं, दुखलं. जरा वेळानं पुन्हा दाबलं, पुन्हा दुखलं. पुढच्या आठ-दहा दिवसांत मी दुसरं काहीच केलं नाही म्हणा ना. हात कामावर, डोकं मानेत. गोलात बसायचो, हसायचो, लाल धागा दातात धरायचो, आणि पंच्याचं टोक गळ्याभोवती गुंडाळून ठेवायचो, उन्हाळ्यातसुद्धा.

दाखवायची तारीख आली. मावशीनं भात आणि सुक्या मासळीची चटणी बांधून दिली. मी तुमसर रोड स्टेशनवर गेलो, बाकावर बसलो. पॅसेंजर आली, थांबली, गेली. मी बाकावरच. जाऊन कळणार ते न जाताही मला ठाऊकच होतं, असं मला वाटत होतं. न गेलं तर निदान कुणी तोंडानं म्हणणार तरी नाही. तिथंच डबा खाल्ला आणि दिवस कलल्यावर परत आलो.

"काय म्हनला डाक्टर?" मावशीनं विचारलं.

"सगळं ठीक म्हणाले."

काकाजी जाळ्यातनं मान वर न करता म्हणाले, "ठीक असन. पन गाडी तं तुह्यासमोरून गेली गा. मी मासोळी घेऊन तिथंच होतो, पलीकडच्या फलाटावर."

मला वाटलं, आता मावशी बोलेल. तिनं आधी सूप खाली ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले, माझ्यापुढं येऊन बसली आणि माझ्या गळ्यातला पंचा सोडला. हात लावला नाही. नुसतं बघितलं. त्या बाजूची कातडी लाल झाली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज मात्र नेहमीचाच, भांडायचा.

"हे एकट्यानं घेऊन फिरून राहिला का तू? उद्या मी येते तुह्यासंग."

"मावशी, उद्या माल द्यायचाय तुम्हाला. ठेकेदार काय म्हणेल?"

"ठेकेदार का माह्यासंग दवाखान्यात येते?"

मावशी त्याआधी कधी नागपूरला गेली नव्हती. गाडीत खिडकीशी बसली, पण बाहेर बघेना. माझ्याकडं बघायची आणि माझा हात वर जायला लागला की मनगट धरून खाली आणायची. कपाळावर आठी. दवाखान्यात माझा नंबर लागेपर्यंत आम्ही लांबलचक व्हरांड्यात बसलो. मला तपासणीचं रक्त द्यायला आत बोलावलं, मग फोटो काढायला. बाहेर आलो तर व्हरांड्यात आरडाओरडा.

मावशी भिंतीशी मांडी घालून बसलेली. पिशवीतनं ओलं फडकं काढलेलं, फडक्यात पानं, मांडीवर घरनं आणलेलं छोटं सूप. आणि विड्या वळत होती! कॅन्सरच्या दवाखान्यात! समोर पांढऱ्या कपड्यातली सिस्टर कमरेवर हात देऊन उभी.

"बाई, अक्कल आहे का? इथं लोक कशानं येतात माहीत आहे ना? आणि तुम्ही खुशाल विड्या वळताय?"

"ओढाची बंद हाय न जी," मावशी शांतपणे म्हणाली, "वळाची नाही." माझंच वाक्य. "आन हात रिकामे राहिले तं जीव घाबरते माहा. पोट्टा आत हाय."

गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. तेच, ज्यांनी मला शेक दिले होते. सिस्टरनं सूप उचलून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी लाल धाग्याची एक विडी घेतली, चिडूनच मोडली, आणि तळहातावर बडीशेप सांडली.

"तमाखू नाही जी," मावशी म्हणाली. "याच्यासाठी वळते. बाकीच्याईमंधी बसता आलं पायजे न त्याले."

डॉक्टरांनी तळहातावरची बडीशेप तोंडात टाकली. माझ्याकडं बघितलं. "आत या. दोघंही."

त्यांची बोटं माझ्या मानेवरनं फिरली. उजवीकडं, डावीकडं, काखेत, पुन्हा डावीकडं. तिथं थांबली. मी मावशीच्या पायाकडं बघत होतो. भेगाळलेल्या टाचा, आणि अंगठा फरशीवर घट्ट दाबलेला.

"हे कधीपासून?"

मी सांगितलं.

"आणि दिवसातनं किती वेळा दाबतोस?"

मी हात मांडीखाली सरकवला.

"सारखा दाबून राहिला जी," मावशी म्हणाली. "गाडीत पन. मीच धरून ठेवला हात."

रक्ताचा कागद आणि फोटो येईपर्यंत त्यांनी आम्हाला बसवून ठेवलं. त्या वेळेबद्दल मला काही लिहिता येत नाही. एवढंच आठवतं, की मावशीनं माझे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर घेऊन वर पदर टाकला होता, लहान पोराचे थंडीत घेतात तसे.

मग डॉक्टर म्हणाले, गाठ नाही. फोटो स्वच्छ आहे. ही बोटांनी दाबून दाबून आणलेली सूज. "आजार गेलाय रे तुझा. भीती राहिली, ती राहणारच थोडे दिवस. मानेला हात लावायचं काम माझं. तू फक्त तारखेला येत जा."

मी रडलो. मावशी नाही रडली. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"डाक्टरसाहेब, हा घरी असताना म्या छपरीत बसून विड्या वळल्या तं चालते का जी? उन्हात पान तडकते."

डॉक्टर हसले. मग म्हणाले, तंबाखूची धूळ याच्या अंगावर येऊ देऊ नका, बसा सावलीत. उठता उठता त्यांनी सुपातल्या दोन विड्या खिशात टाकल्या. सिस्टरनं एक घेतली.

गाडीत परतताना मावशीनं खिडकीबाहेर बघितलं, अगदी तुमसर येईपर्यंत. दिसेल ते मला दाखवत होती, मी कधी बघितलंच नसल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सूप छपरीत परत आलं. तंबाखूचा डबा तिच्या पलीकडच्या अंगाला, माझ्यापासून लांब. गिरणीवरनं आलो तर तिनं माझ्यापुढं ओलं पोतं ठेवलं, पानाच्या मापाचा पत्र्याचा तुकडा ठेवला आणि कात्री हातात दिली. तंबाखू तिच्याकडं, पानं माझ्याकडं. मी कापलेलं पहिलं पान उचलून तिनं काकाजींना दाखवलं.

"पाहा वो, हे पान होय का भजं?"

"भजंच होय," काकाजी म्हणाले. "तळून दे त्याले."

मग रोज संध्याकाळी तेच काम. एका हातात पान, एका हातात कात्री. कानाखाली ठणकायचं कधी कधी, आणि सवयीनं हात उचलायचाही. मावशी मान वर न करता म्हणायची, "तिसरा हात असन तं लाव मानेले. हे दोन मले पायजेत."