माझी गोळी आणि आईचा नवस

टायफॉइडनं माझं भलं केलं, असं आमच्या पालमच्या गल्लीतल्या बायकांचं मत होतं. मी तेव्हा परभणीला शिकायला होते आणि तापानं अंथरूण धरून घरी आले होते. शहाळं घेऊन बघायला येणारी बाई आधी हळहळायची, मग जरा मागं सरकून मला नीट न्याहाळायची आणि आईला म्हणायची, काही म्हणा, पोरगी बारीक लय छान दिसायलीय. ताप उतरला. कौतुक मात्र उतरू नये असं मला वाटायला लागलं, आणि अशक्तपणाच्या नावाखाली घरीच राहून मी जेवण कमी केलं.

मी शिकत होते आहारशास्त्र. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ज्वारीत काय असतं, शेंगदाण्यात काय, करडईच्या तेलाचा एक चमचा अंगाला किती लागतो, हे सगळं मला तोंडपाठ होतं. बाकीच्या पोरींना पेपरात मार्क मिळवायला त्याचा उपयोग व्हायचा, मला काय खायचं नाही ते ठरवायला झाला. आधी तेल गेलं, मग भात गेला, मग भाकरी अर्ध्यावर आली, मग चतकोरावर. चतुर्थी, एकादशी, सोमवार असे सगळे वार मी धरले. घरात कुणी हरकत घेतली नाही. उलट पेडगावची आत्या आली की स्वतःच्या सुनांना फोनवर सुनावायची, बघा, शिकलेली पोरगी असून किती धरम पाळायलीय.

बाबांचं भुसार मालाचं दुकान आहे. सोयाबीन-तुरीचे कट्टे, म्हणजे पोती, तोलायचा मोठा काटा दुकानाच्या तोंडाशीच असतो. बाबा दुपारी जेवायला घरी आले की मी दुकान सांभाळायच्या निमित्तानं जायची आणि काट्यावर उभी राहायची. हमालानं दोन-चारदा पाहिलं आणि बाबांना सांगितलं. बाबांना वाटलं, पोरगी काटा बरोबर आहे का ते तपासते. धंद्यात लक्ष घालायलीय म्हणून ते खूशच झाले.

एक दिवस मी त्याच काट्यावरून खाली पडले. शुद्धीवर आले तेव्हा गावातल्या डॉक्टरांची सलाईन लागली होती आणि आई उशाशी बसून रडत होती. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं की हे माझं काम नाही, परभणीला मानसोपचाराच्या डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा, उशीर करू नका, पोरगी हातची जाईल. बाबा आत आले ते भिंतीला धरून. माझा बाप त्या दिवशी पहिल्यांदा मला म्हातारा दिसला, आणि तरी मला त्या बाटलीत साखर किती असेल याचीच काळजी लागली होती. आजार असा असतो. लोकांना वाटतं नखरा.

मग आमच्या घरात कारणांचं संशोधन सुरू झालं. आत्याच्या मते नजर. बाबांच्या मते मोबाईल. शेजारच्या काकूंच्या मते जंत, कारण त्यांच्या पुतण्याला जंत झाले होते.  आई नुसती आठवत बसायची, मी लहान असताना मला कधी ताटावरून उठवलं होतं का, कधी हातचा घास काढून घेतला होता का. असं काही झालेलं नव्हतं. तरी तिला स्वतःकडं बोट दाखवल्याशिवाय चैन पडत नव्हती.

परभणीच्या डॉक्टर मॅडमनी या सगळ्या संशोधनावर पाणी ओतलं. त्या म्हणाल्या, जगात यावर पुष्कळ अभ्यास चाललाय, पण एक कारण कुणालाच सापडलेलं नाही. काही जन्मापासून येतं, काही स्वभावातून, काही लोकांच्या बोलण्यातून, आणि उपाशी राहून राहून डोकंच हट्टी होतं, मग कारण राहिलं बाजूला, उपासमारच आजार चालवते. बाबांचा चेहरा पडला. एवढा एसटीचा हेलपाटा घालून गुन्हेगार मिळाला नव्हता. मॅडमनी विचारलं, घरात आणखी कुणाला खाण्याचा काही त्रास? बाबा म्हणाले, छे हो, आमचं खात्यापित्याचं घर. त्या दिवशी गुरुवार होता, आत्या उपाशी होती. आईचा आदला सोमवार कडक गेला होता.

इलाज ठरला. रात्री एक गोळी. दर पंधरवड्याला परभणी. दिवसातून ठरल्या वेळी जेवण, भूक असो नसो. जेवताना घरचं एक माणूस शेजारी ताट घेऊन बसेल आणि माझ्याबरोबर तेच जेवेल. माझ्या अंगावर कुणी काही बोलायचं नाही. काट्यावर चढायचं नाही. आणि मी बरी होईपर्यंत सगळे उपवास बंद.

शेवटची अट ऐकून आई घाबरली. गोळीला तिची ना नव्हती, पण धरलेले उपवास असे मधेच सोडायचे म्हणजे देवाशी खेळ. येताना गंगाखेडपर्यंत ती बोटांवर वार मोजत होती. गंगाखेडला तिनं तोड काढली आणि मला तेव्हा सांगितली नाही.

गावात आम्ही सांगितलं दाढ. दर पंधरवड्याला परभणीला का जाता, तर दाढेचं काम निघालंय. वेड्याच्या डॉक्टरकडं जातात म्हणून कळलं असतं तर माझं लग्न गेलं असतं, आणि आमच्याकडं पोरीचा जीव जाण्याच्या खालोखाल लग्न जाण्याची भीती. दाढेचा फायदा असा झाला की गल्लीतून मऊ पदार्थ यायला लागले. मऊ भात, खीर, शिरा. मला शिऱ्याच्या वाटीकडं बघून घाम फुटायचा आणि काकू म्हणायच्या, दाढ लय ठणकायलीय वाटतं.

ते पहिले महिने मी लिहीत बसत नाही. ताटासमोर बसून मी रडले, ओरडले, आईला नाही नाही ते बोलले. भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन अर्धा अर्धा तास बसले. आई बाजूला ताट घेऊन बसायची आणि बोलायची. जेवणावर बोलायचं नाही असं मॅडमनी सांगितलेलं, आणि आमच्या घरात जेवणाशिवाय दुसरा विषय कुणाला ठाऊक? म्हणून ती मला शेजाऱ्यांच्या म्हशीचं सांगायची, बाबांनी लग्नात बूट हरवले ते सांगायची, एकच गोष्ट तीन तीनदा सांगायची. मी घास गिळेपर्यंत ती थांबायची नाही.

गोळीनं म्हणा, आईच्या म्हशीनं म्हणा, मी हळूहळू जेवायला लागले. चतकोराची अर्धी झाली, अर्धीची एक. दिवाळीनंतर मी दोन भाकरी खायला लागले. भीती गेली नव्हती, पण मी भीतीसकट खात होते. मॅडम खूश झाल्या. बाबांनी तर दुकानातल्या हमालांना भजी चारली, कशाबद्दल ते न सांगता.

आजारी माणसाला एक सवलत असते, त्याला दुसऱ्याकडं बघावं लागत नाही. ती सवलत मी भरपूर वापरली. म्हणून एका दुपारी आईच्या ताटाकडं माझं लक्ष गेलं तेव्हा मला आधी कळेचना की काय खटकतंय. भाकरी बारीक कुस्करून ताटभर पसरलेली. थोडी वरणाखाली, थोडी वाटीच्या मागं. घास उचलायचा, बोटं फिरवायची, बोलायचं, घास परत ठेवायचा. अगं बाई! हे तर माझं. ही सगळी कलाकुसर मी स्वतः शोधून काढलेली, वर्षभर घराला फसवलेलं, आणि माझी आई माझ्या शेजारी बसून तेच करत होती. आता नीट पाहिलं तर तिच्या झंपराचे खांदे उतरले होते आणि मानेची हाडं वर आली होती.

मी हात धरला. ती आधी हसली, मग सांगितलं. मी पडले त्याच दिवशी तिनं महादेवाला नवस बोलला होता, माझी पोरगी पोटभर भाकरी खाईल तोवर मी भाकरी खाणार न्हाई. नवस सांगितला तर फळत नाही, म्हणून कुणाला सांगितलं नाही. वर गंगाखेडची तोड: माझे बंद झालेले उपवास तिनं स्वतःच्या अंगावर घेतले होते. माझी चतुर्थी, माझी एकादशी, तिचा सोमवार, आणि उरलेल्या दिवशी वरणाच्या चार घोटांवर गाडी. मी जेवावं म्हणून डॉक्टर बाई परभणीत डोकं फोडत होती आणि इथं माझ्या जागी दुसरी उपाशी बसली होती. मागाहून कळलं, आत्यानंही माझ्यासाठी वांगं सोडलं होतं. वांगं तिला जन्मात आवडलेलं नाही.

मी म्हटलं, आई, मी आता दोन भाकरी खाते. फिटला नवस. सोड आता.

"तू जेवायलीस ते माझ्या नवसानं," आई म्हणाली. "मी खाल्ली आन् तू परत सोडलीस तर?"

  गोळीचं श्रेय तिनं एका वाक्यात खालसा केलं होतं. मी म्हटलं, निदान भूक तरी लागते का तुला? 

"पहिले लागायची. आता न्हाई लागत बाई. लय हलकं वाटतं."

ते हलकं मला माहीत होतं. त्या हलकेपणासाठी मी काट्यावरून पडले होते. ते एकदा गोड लागलं की देवबिव सगळं निमित्त होऊन जातं, आणि माणूस बघता बघता संपतं.

आम्ही तिला परभणीला नेलं. आता गावात आईची दाढ. मॅडमनी तपासलं, रक्त फार कमी निघालं. त्या म्हणाल्या की उपवास करणारी प्रत्येक बाई आजारी नसते, पण यांना आता थांबावंच लागेल, हृदयावर जाऊ शकतं. आई सगळ्याला मान डोलवत होती. गोळ्या घेतल्या, घरी येऊन देवाजवळ ठेवल्या. बाबांनी महादेवाच्या पुजाऱ्यांना बोलावून आणलं. ते बिचारे हात जोडून म्हणाले, माय, नवस फिटला, देवाचं काही म्हणणं न्हाई, तुमी जेवा. आईनं त्यांना नमस्कार केला, चहा दिला, शिधा दिला आणि संध्याकाळी भाकरी कुस्करली. महादेवानं सोडलं होतं, ती धरून होती.

मी आठवडाभर तेच केलं जे तिनं माझ्यासाठी केलं होतं. शेजारी बसले, म्हशीच्या गोष्टी सांगितल्या. माझ्या गोष्टीत दम नव्हता. ती कौतुकानं ऐकायची आणि माझ्याच ताटाकडं बघायची, मी किती खाल्लं ते.

मग एका दुपारी जिना चढताना ती भिंतीला टेकली आणि खाली बसली. पडली नाही, नुसती बसली, आणि माझ्याकडं बघून म्हणाली काही न्हाई, काही न्हाई. मी तिला धरून स्वयंपाकघरात आणलं, दोन ताटं वाढली. तिनं भाकरी घेतली आणि बोटांनी कुस्करायला लागली. माझं डोकं फिरलं. मी माझं ताट ढकलून दिलं.

"बरं," मी म्हटलं. "तू नाही तर मी पण नाही. आजपासून मी परत सोडली."

अशी धमकी द्यायची नसते. आजार हत्यारासारखा वापरायचा नाही, हे मॅडमनी मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. पण त्या वेळी मला मॅडम आठवल्या नाहीत. मला फक्त हे कळलं की ते वाक्य तोंडातून फार अलगद निघालं. धमकी म्हणून काढलं आणि सगळं अंग त्याच्यामागं धावत गेलं. परत उपाशी राहायचं, आणि तेही आईसाठी, कुणाची बोलायची टाप नाही. मी तिच्याकडं रोखून बघत होते. ती मरेल याची भीती वाटत होती, आणि आतून कुणीतरी म्हणत होतं, नको खाऊस, आई, नको खाऊस.

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिला काय दिसलं कोण जाणे. तिनं हात लांब करून माझ्या ताटातली भाकरी मोडली, चटणीला लावली आणि तोंडात घातली. ती चावत राहिली, गिळायला तिला फार त्रास झाला, डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं दुसरा घास घेतला.

"खाल्ली बग," ती म्हणाली. "आता तू खा."

लोकांना ही गोष्ट सांगते तेव्हा मी इथं म्हणते, मला इतका आनंद झाला की काय सांगू. आनंद झाला नाही. उपाशी राहायचं हातात आलेलं निमित्त कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाईट वाटलं, माझी आई जेवत होती आणि मला वाईट वाटलं. मी ताट पुढं ओढलं आणि तसंच वाईट वाटत असताना खाल्लं.